कुटुंबासाठी ट्रॅव्हल ट्रेलर नवा करताय? या चुका टाळा

गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, म्हणजे जुना ट्रॅव्हल ट्रेलर, हाती आला की पहिली खरेदी बहुधा रंगाची, पडद्यांची आणि दिव्यांच्या माळांची होते. हौस असावीच. पण उभा असेपर्यंतच ट्रेलर घर असतो. गाडीला जोडला की तो निव्वळ ओढायचा भार होतो, खड्ड्याखड्ड्यावर हादरणारा. सुधारणा करताना डोळ्यासमोर घर असतं आणि कटकटी सुरू होतात त्या रस्त्यावर.

वजन न मोजता सामान भरणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा थांबू.

प्रत्येक ट्रेलरवर उत्पादकाची पाटी असते. तिच्यावर भरलेल्या ट्रेलरचं कमाल वजन आणि अ‍ॅक्सलची (चाकांच्या आसाची) क्षमता असते, बऱ्याचदा टायरमधल्या हवेचा दाबही. कमाल वजनातून रिकामं वजन वजा केलं की सामानासाठी उरलेली मोकळीक कळते. काही ट्रेलरमध्ये ती जेमतेम चारशे-पाचशे किलो असते. त्यात १५० लिटरची पाण्याची टाकी भरली की १५० किलो गेलेच. शिवाय रिकामं वजन म्हणजे कारखान्यातून निघतानाचं वजन. नंतर कुणीतरी बसवलेला एसी, बाहेर उघडणारं कापडी छत, दुसरी बॅटरी त्यात धरलेली नसते.

आता सुतारकामाकडे पाहा. १८ मिलिमीटर प्लायवूडचा आठ बाय चार फुटांचा एक तक्ता साधारण ३० किलोंच्या पुढे भरतो. बंक बेड, बाकं आणि कपाट मिळून सहा तक्ते लागले, तर जवळपास दोनशे किलो नुसत्या लाकडाचे. घरातल्यासारखं भक्कम फर्निचर इथे दोष ठरतो. पातळ प्लाय, त्याला चौकटीचा आधार आणि दारांऐवजी कापडी कप्पे, एवढ्यावर काम भागतं. दगडी ओटा आणि फरशीचा विचार सोडून द्या.

दुसरा घोळ ओढणाऱ्या गाडीचा. ‘गाडी तीन टन ओढते’ एवढंच ऐकून लोक निश्चिंत होतात. पण ट्रेलरच्या वजनाचा काही हिस्सा हिचमधून, म्हणजे गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या सांध्यातून, थेट गाडीवर येतो. ट्रेलर २५०० किलोंचा आणि हिचवर त्याचे १२ टक्के धरले, तर ३०० किलो गाडीच्या पाठीवर. आत बसलेलं कुटुंब आणि डिकीतलं सामान आणखी ३०० किलो. बऱ्याच गाड्यांची भारवहन क्षमता याच्या आधीच संपते, ओढण्याची क्षमता शिल्लक असूनही.

म्हणून पाणी, गॅस, सायकली, अंथरुणं, सगळं भरून आणि माणसांना गाडीत बसवून वजनकाट्यावर जा. गाडीची चाकं आणि ट्रेलरची चाकं वेगवेगळी मोजून घ्या. अंदाज नेहमी कमीच निघतो.

ट्रेलर मागे डोलतोय?

बहुतेक वेळा हिचवर भार कमी पडलेला असतो. उत्तर अमेरिकी धाटणीच्या ट्रेलरमध्ये एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर हवा. युरोपीय कॅरॅव्हॅनमध्ये हे प्रमाण कमी असतं, तिथे उत्पादकाचा आकडाच पाहावा. मागच्या बंपरवर सायकलींचा स्टँड लावला, मागच्या भिंतीला मुलांचं कपाट केलं, की भार मागे सरकतो आणि पुढचं टोक हलकं होतं. जड सामान अ‍ॅक्सलच्या आसपास, किंचित पुढे आणि जमिनीलगत ठेवा. वजन विभागणारी हिच उपयोगी खरी, पण चुकीच्या ठिकाणी ठेवलेलं सामान ती जागेवर आणत नाही, ट्रेलर हलकाही करत नाही.

चालत्या गाडीत डोलणं सुरू झालं तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि स्टिअरिंग सरळ धरा. गाडीचा ब्रेक करकचून दाबू नका. ट्रेलरच्या ब्रेकचा स्वतंत्र कंट्रोलर असेल तर तो तेवढा हलके लावा.

ओल झाकून वर रंग देणं

कोपऱ्यात तपकिरी डाग, भिंतीच्या कागदाला आलेले फुगे, पायाखाली दबणारी जमीन, कुबट वास. यातलं एकही दिसत असेल तर रंगाचा डबा बाजूला ठेवा. बऱ्याच ट्रेलरचा सांगाडा लाकडी असतो आणि आत शिरलेलं पाणी तो वर्षानुवर्षं मुकाट्याने पीत राहतो. पाणी शिरतं एका जागी आणि दिसतं दुसरीकडे. खिडकीखालचा डाग छताच्या कडेवरून आलेला असू शकतो. शोधायची चांगली युक्ती अशी: सगळ्या खिडक्या-झडपा बंद करून आत ब्लोअरने हवेचा दाब वाढवा आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी शिंपडा. बुडबुडे येतील तिथे फट.

मग लोक घाईने जुन्या सीलंटवर साधं सिलिकॉन फासतात. ते तिथे नीट चिकटत नाही आणि एकदा लागलं की त्यावर पुढे दुसरं काहीच चिकटत नाही. जुना थर खरवडून काढा. छत रबराचं, फायबरग्लासचं की अ‍ॅल्युमिनियमचं ते पाहून त्याला चालणारंच सीलंट आणा. रबरी छतावर पेट्रोलजन्य सॉल्व्हंट नकोच, रबर फुगतं.

बॅटरी बदलली, चार्जर जुनाच

शिशाची बॅटरी काढून तिथे लिथियमची बसवली की काम झालं असं वाटतं. महिन्याभरात तक्रार येते की ती पूर्ण भरतच नाही. ट्रेलरमधला जुना कन्व्हर्टर, म्हणजे बाहेरच्या विजेवर बॅटरी भरणारा चार्जर, साधारण १३.६ व्होल्टवर थांबतो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला १४.२ ते १४.६ व्होल्ट लागतात. चार्जरही बदलावा लागतो. गाडीच्या अल्टरनेटरवरून (इंजिनावर चालणाऱ्या जनित्रावरून) चार्ज करायची असेल तर मध्ये व्होल्टेज आणि प्रवाह आवरणारा डीसी-टू-डीसी चार्जर हवा, नाहीतर बारीक वायर आणि अल्टरनेटर दोन्ही तापतात. तापमान शून्याखाली असताना ही बॅटरी चार्ज करायची नसते.

एसीचं स्वप्नही गणितात बसवून पाहा. १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे सुमारे १२८० वॅट-तास. छतावरचा एसी बाराशे-पंधराशे वॅट ओढत असेल तर तासाभरात खेळ खलास. १०० वॅटचं सोलर पॅनल चांगल्या उन्हातही दिवसाला तीनशे-चारशे वॅट-तासच देतं. दिवे, पंखा, पंप आणि फोन यांना ते पुरतं, एसीला नाही.

इन्व्हर्टर २००० वॅटचा असेल तर १२ व्होल्टवर पावणेदोनशे अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो. केबल जाड, आखूड आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा बसवणं हा आग लावायचा सोपा मार्ग आहे. आणखी एक चमत्कारिक तक्रार: इन्व्हर्टर लावला की बॅटरी भराभर उतरते. ट्रेलरचा मुख्य प्लग इन्व्हर्टरला जोडलेला असेल तर कन्व्हर्टरही सुरू राहतो आणि बॅटरी स्वतःच स्वतःला चार्ज करत बसते. कन्व्हर्टरचा ब्रेकर बंद करा.

मुलांची जागा करताना

बंक बेडचा स्क्रू भिंतीच्या पातळ पॅनलमध्ये बसवला तर पहिल्या खडबडीत रस्त्यावर सैल होतो. पॅनलमागची सांगाड्याची पट्टी शोधून तिथेच स्क्रू मारा. वरच्या बेडला कठडा लावताना गादीची जाडी धरा, नाहीतर कठडा नावापुरता उरतो. आणीबाणीची खिडकी बेडमागे किंवा कपाटामागे जाऊ देऊ नका. ती मुलांनाही उघडता येते का, ते एकदा त्यांच्याकडूनच करून घ्या. आणि ट्रेलर ओढला जात असताना आत कोणी बसायचं नाही, कायदा काहीही म्हणो.

वारा येतो म्हणून झडपा बुजवणं

जमिनीलगतच्या झडपा गॅस बाहेर जाण्यासाठी असतात. एलपीजी हवेपेक्षा जड, तो खालीच साचतो. नवी जमीन टाकताना या झडपा हमखास झाकल्या जातात. गॅस अलार्म खाली बसवा, कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा लावा आणि दोन्हींवरची मुदतीची तारीख वाचा. थंडी वाजते म्हणून शेगडी पेटवून झोपणं जिवावर बेततं.

सकाळी खिडक्यांवर पाणी ओघळतंय? तो गळतीचा पुरावा असेलच असं नाही. चार माणसांच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात लिटरभर बाष्प सहज निघतं. छताची झडप आणि समोरची खिडकी बोटभर उघडी ठेवा.

निघण्याआधीच्या किरकोळ गोष्टी

नळ बंद असूनही रात्री पंप मधूनमधून टकटक करत असेल तर कुठेतरी थेंब गळतोय. आधी टॉयलेटची झडप पाहा. गॅसवरचा फ्रिज थंड होत नसेल तर ट्रेलर पातळीत उभा आहे का ते तपासा, तिरका उभा असला की तो काम सोडतो. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी वय पाहा: बाजूवर ‘२३२१’ असा चार आकडी कोड म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा. पाच-सहा वर्षांनंतर नक्षीवर भरवसा नको. एकाच कडेने झीज असेल तर अ‍ॅक्सल वाकलाय किंवा भार जास्त झालाय. आणि टायर बदलले असतील तर पहिल्या ८० किलोमीटरनंतर थांबून चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा कसा.