चेकलिस्ट पुरेशी कधी आणि स्वतंत्र टास्क कधी: जीएसटीच्या मासिक कामाची मांडणी

प्रत्येक बारीकसारीक कामाचा टास्क करा म्हणजे काही सुटणार नाही, असे सांगणाऱ्याने महिन्याच्या ११ तारखेला कर सल्लागाराच्या कार्यालयात पाऊल ठेवलेले नसावे. क्लायंट ४० आणि प्रत्येकाची कामे १५ धरली, तर ट्रेलोसारख्या, कामांचा माग ठेवणाऱ्या अ‍ॅपच्या बोर्डावर प्रत्येक टास्कचे एक अशी ६०० कार्डे जमतात आणि मग त्या बोर्डाकडे कोणी बघतही नाही.

पहिली पायरी: दरमहा रिटर्न भरणाऱ्या प्रत्येक क्लायंटचे दोनच टास्क उघडा, जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) साठी ११ तारीख आणि जीएसटीआर-३बी (गोषवारा आणि करभरणा) साठी २० तारीख, आणि प्रत्येकावर एकाच व्यक्तीचे नाव घाला.

दुसरी पायरी: विक्री नोंदवहीचा मेळ, क्रेडिट नोट, एचएसएन (मालाच्या वर्गीकरणाचे कोड) गोषवारा, बिलांचे अनुक्रमांक अशी सगळी कामे त्या टास्कमध्ये चेकलिस्ट म्हणून लिहून काढा.

तिसरी पायरी म्हणजे यातील कोणत्या ओळीला वेगळा टास्क द्यायचा हे ठरवणे, आणि खरी गोची इथेच होते; मलाही ही पायरी सर्वांत उशिरा उमगली. बहुतेक जण कामाच्या आकारावरून निर्णय घेतात, तो निकष साफ चुकीचा आहे. १४ तारखेला जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या खरेदीचे विवरण) आले की खरेदीचा मेळ घालण्यात अर्धा दिवस जाऊ शकतो, पण तो एकच माणूस एका बैठकीत घालत असेल तर त्याला चेकलिस्टमधली ओळ पुरते. याउलट, राहिलेली खरेदी बिले मागवण्याचा निरोप दोन मिनिटांत जातो, परंतु नंतर चेंडू क्लायंटच्या हातात असतो आणि चार दिवस उत्तर येत नाही. म्हणून त्याचा टास्कच हवा. कर भरण्यासाठी क्लायंटकडून पैसे येण्याचेही तसेच. रिटर्न भरतानाचा ओटीपी मात्र फोनवर विचारून त्याच बैठकीत टाकायचा असतो, तेव्हा तो चेकलिस्टमध्येच राहू द्या.

स्वतःला एवढेच विचारा: ही ओळ अडकली, तर कार्ड न उघडता दुसऱ्या कोणाला ते कळायला हवे का? ट्रेलोच्या कार्डावर बाहेरून फक्त ६/८, म्हणजे आठपैकी सहा ओळी झाल्या, एवढेच दिसते. राहिलेल्या दोन ओळी कोणत्या, हे कळत नाही, आणि ओळी अपूर्ण असतानाही कार्ड ‘पूर्ण’च्या रकान्यात खुशाल सरकवता येते. ट्रेलोच्या सशुल्क योजनेत चेकलिस्टच्या ओळीलाही नाव आणि तारीख देता येते, पण ही सोय मला अर्धवट वाटते; ओळीला तारीख द्यावीशी वाटली की तिचे कार्ड करून मोकळे व्हावे. सबटास्क (टास्कच्या पोटातला छोटा टास्क) हा सुवर्णमध्य आहे अशा समजुतीतही राहू नका. आसना (Asana) या तशाच दुसऱ्या अ‍ॅपमध्ये सबटास्क बोर्डावर आपोआप स्वतंत्र कार्ड म्हणून येत नाही, तो प्रोजेक्टला वेगळा जोडावा लागतो, आणि हे ठाऊक नसलेल्या कार्यालयात नेमके पाठपुराव्याचेच काम नजरेआड जाते.

शंका असेल तेव्हा चेकलिस्टच ठेवा, कारण ट्रेलोमध्ये ओळीचे कार्ड करणे हे एक-दोन क्लिकचे काम आहे.

चौथी पायरी: ही मांडणी टेम्पलेट म्हणून जतन करा. सलग दोन महिने जी ओळ कार्ड करावी लागली, तिला तिसऱ्या महिन्यापासून टेम्पलेटमध्येच टास्कची जागा द्या, आणि जे कार्ड दर वेळी उघडले त्याच दिवशी बंद होते ते परत चेकलिस्टमध्ये टाका.