माज दिसत नाही म्हणून लगेच इंजेक्शन नको

मुरबाड-शहापूरकडे भात कापणीला आलं की म्हशींचाही हंगाम सुरू होतो. दिवस लहान व्हायला लागले की उन्हाळाभर थंड राहिलेल्या म्हशी माजावर येतात, म्हणजे गाभण राहायला तयार होतात. आता ऑक्टोबरात फळलेली म्हैस साधारण 310 दिवसांनी, म्हणजे पुढच्या ऑगस्टात विते. हंगामाचे हे चार-पाच महिने हुकले तर भाकड म्हैस पोसत बसायचं, आणि भिवंडी-कल्याणच्या तबेल्यांत तर चाराही विकतचा.

या घाईतच "डॉक्टर, माजाचं इंजेक्शन मारा" सुरू होतं. पण सगळ्या म्हशींना लागू पडेल असं एकच इंजेक्शन नसतं.

मेंदूच्या तळाशी पियुषिका ग्रंथी असते. अंडाशयाला कामाला लावणारी एफएसएच आणि एलएच ही संप्रेरकं ती सोडते. मात्र तिचा लगाम बराचसा अंडाशयाच्याच हातात असतो. बीज सुटलेल्या जागी पीतपिंड तयार होतो आणि त्यातून प्रोजेस्टेरॉन सुटतं. ते रक्तात भरपूर आहे तोवर एलएच अगदी बेताने येतं, माजही नाही आणि नवं बीजही नाही. म्हैस गाभण राहिली नसेल तर सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयातलं प्रोस्टाग्लँडिन पीतपिंड जिरवतं. मग वाढत्या बीजपुटिकेतलं, म्हणजे बीज असलेल्या पिशवीतलं, इस्ट्रोजेन हे संप्रेरक चढतं. एरवी पियुषिकेला आवरणारं हेच इस्ट्रोजेन आता उलट वागतं, मेंदूला डिवचून एलएचचा लोंढा सोडायला लावतं. म्हैस माज दाखवते ती इस्ट्रोजेनमुळे. बीज सुटतं ते या लोंढ्यामुळे, आणि तेही साधारण एक दिवस उलटल्यावर. माज दिसल्यावर दहा-बारा तास थांबून रेतन करा म्हणतात ते यासाठीच. सकाळी दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी.

लोक ज्याला माजाचं इंजेक्शन म्हणतात ते बहुतेक वेळा प्रोस्टाग्लँडिन असतं. ते पीतपिंड जिरवतं, बस. अंडाशयात पीतपिंडच नसेल तर पैसे वाया, आणि म्हैस गाभण असेल तर गाभडते. आमच्या गोठ्यात हे झालंय. "रिकामीच आहे" असं मीच छातीठोकपणे सांगितलं, तपासणी करू दिली नाही, आणि तीन महिन्यांचा गाभ गेला. तेव्हा आधी पशुवैद्यकाकडून हात घालून तपासणी, मगच औषध. घरातल्या गरोदर बाईने आणि दमेकऱ्याने त्या बाटलीला हातही लावू नये. कातडीतून अंगात जातं.

अंडाशय सुस्तच निघालं तर आधी गव्हाण बघा. नुसत्या भाताच्या पेंढ्यावर म्हैस हडकली की पियुषिकाही हात आखडते. हिरवा चारा, पेंड आणि रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण सुरू करा; फरक दिसायला महिना-दीड महिना जाईल.

पुष्कळदा माज येऊन गेलेला असतो, आपल्यालाच कळत नाही. म्हैस गाईसारखी हंबरून गोठा डोक्यावर घेत नाही. रात्री झोपण्याआधी आणि पहाटे धारेच्या आधी बॅटरी घेऊन एक चक्कर मारा. बसलेल्या म्हशीच्या मागे फरशीवर काचेसारख्या चिकट स्रावाची तार पडलीय का, शेपटीच्या बुडाशी वाळून चकाकतेय का, ते पाहा. पान्हा चोरते, घडीघडी थोडं थोडं मुतते, तीही खूणच. तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहा. रेतनानंतर एकोणिसाव्या दिवसापासून पाच दिवस पुन्हा तशीच चक्कर. उलटली नाही, म्हणजे पुन्हा माजावर आली नाही, तरी गाभण धरू नका, अडीच-तीन महिन्यांनी तपासून घ्या.