गवती चहाचा ताजा चोथा पेरलेल्या रानात टाकू नका

मंडळी, दसरा झाला, रानं वाफशावर यायला लागली, आता हरभरा-ज्वारीच्या पेऱ्याची गडबड सुरू होईल म्हणून आत्ताच सांगतो, ज्यांच्याकडं गवती चहा, पामरोसा (रोशा गवत) नाहीतर तुळशीचं तेल काढून राहिलेला चोथा पडलाय त्यांनी तो ताजा ताजा पेरलेल्या रानात आच्छादन म्हणून पसरू नका. मी मागच्या साली कोथिंबिरीच्या वाफ्यावर टाकला होता. शेजारचा वाफा हिरवागार आणि माझ्यात मधीच दोन-चार रोपं, उकरून बघितलं तर धने फुटलेले पण मुळी नखाएवढी होऊन टोकाला तपकिरी पडलेली. तेच बियाणं शेजारच्या वाफ्यात उगवलं होतं, म्हणजे दोष बियाण्याचा नाही.

भट्टीत सगळं तेल निघत नाही, थोडं राहतंच. गवती चहातलं सिट्रल, पामरोसातलं जिरॅनिऑल, ओव्यातलं थायमॉल ही द्रव्यं कोवळ्या मुळीच्या टोकाला पेशी वाढायचं काम थांबवतात, पानावर पडली तर पेशीचं आवरण फाटून पान करपतं. म्हणून काहीजण हेच तेल तणावर मारतात. दोन-चार पानांचं काँग्रेस गवत करपतं हो, पण हराळी आणि लव्हाळा वरून जळतो आणि खालच्या गाठीतून परत फुटतो, आणि पिकाच्या पानावर उडालं तर पीक पण करपतं, कारण तेलाला तण कोणतं अन् पीक कोणतं ते कळत नाही. त्यात ते पाण्यात नीट मिसळत नाही, पंपात वर तरंगतं, मग एका ओळीला नुसतं पाणी आणि दुसरीला नुसतं तेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, नाव एक असलं तरी तेल एक नसतं. एका तुळशीच्या तेलात युजेनॉल हे द्रव्य जास्त, दुसरीच्यात मिथाइल चॅव्हिकॉल. त्याच रानातला गवती चहा पावसात कापला आणि उन्हाळ्यात कापला तरी फरक पडतो, सावलीत वाळवला का उन्हात, बाटली किती जुनी, सगळ्यानं फरक पडतो. त्यामुळं शेजाऱ्याला चाललेलं प्रमाण डोळे झाकून घेऊ नका, आणि तेल विकत घेताना जीसी रिपोर्ट (तेलात कोणतं द्रव्य किती आहे ते सांगणारा प्रयोगशाळेचा कागद) मागाच.

चोथा वापरायचाच तर शेणात घालून दोन-तीन महिने चांगला कुजवा, नाहीतर मोसंबीच्या मोठ्या झाडांच्या आळ्यात टाका. आधी घरी बघायचं असेल तर 1 किलो चोथा 10 लिटर पाण्यात एक रात्र भिजवून गाळा, दोन ताटल्यांत ओला कागद ठेवून 20-20 हरभरे पसरा, एकीला साधं पाणी, दुसरीला हे पाणी. पाचव्या दिवशी किती उगवले मोजा आणि मुळीची लांबी पट्टीनं बघा, नुसतं उगवलं म्हणून खूश होऊ नका. कांदा, कोथिंबीर लावणार असाल तर त्याच बियांवर परत वेगळं बघा, बारीक बी लवकर दबतं, आणि धन्याला 10-12 दिवस तरी द्या.