एअर रायफलच्या नळीचं तोंड घरीच नीट केलं (माझा अनुभव)

माझी ४.५ मिमीची एअर रायफल, १० मीटरवर पाच छर्रे एका नाण्याखाली झाकले जायचे आणि मग एकदम तळहाताएवढे पसरायला लागले. छर्रे बदलून बघितले, स्कोपचे स्क्रू आवळले, काही फरक नाही. शेवटी कान साफ करायचा कापसाचा इअरबड नळीच्या तोंडात घालून कडेला घासत बाहेर ओढला तर एकाच जागी कापसाचे धागे अडकले, म्हणजे तिथे बारीक कंगोरा उठलेला, बहुतेक कधीतरी आपटली असणार. छर्रा बाहेर पडताना त्याच्यामागची हवा सगळ्या बाजूंनी एकाच वेळी सुटायला हवी, एका बाजूने आधी सुटली की तो तिरका होतो, म्हणून ही शेवटची कड फार महत्त्वाची.

रायफल रिकामी आहे ना हे दोनदा बघितलं, नळीत थोडं आत ग्रीस लावलेला कापसाचा बोळा बसवला म्हणजे पेस्ट आत जात नाही. गोल डोक्याचा पितळी स्क्रू ड्रिलमध्ये धरला, डोकं भोकापेक्षा मोठंच पाहिजे, त्यावर बारीक व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट (धातू घासायचे कण असलेली पेस्ट). पितळ मऊ असतं, पेस्टचे कण त्यात रुततात आणि पोलाद तेच घासतात. अगदी हळू स्पीड, आणि ड्रिल सतत गोल गोल डोलवत ठेवायचं, एका जागी धरलं तर कड तिरकी होते. दहा-पंधरा सेकंद की पुसून बघायचं. भोकाभोवती सगळीकडे सारख्या रुंदीची चकचकीत रिंग दिसली तिथे थांबलो.

बोळा तोंडाकडूनच बाहेर काढला, नळी साफ केली. इअरबड आता कुठेच अडकत नाही आणि छर्रे परत नाण्याखाली.