लाकडी फरशीचा फ्लॅट भाड्याने घेताय? या चुका टाळा

शहाबादी फरशीवर बादली उपडी झाली तर वायपर मारला की विषय संपतो. लाकडी फरशीवर तो तिथून सुरू होतो. त्यात मराठवाड्यातल्या घरांत पाणी कायम जमिनीजवळ: बाथरूमच्या दाराशी भरून ठेवलेला ड्रम, खिडकीतला कुलर, पोछ्याची बादली. फ्लॅट सोडताना डिपॉझिटवरून जी कुरकुर होते, ती बहुतेक यातूनच.

"वुडन फ्लोअरिंग" म्हणजे नक्की काय, हे न विचारणं

नव्या फ्लॅटमध्ये ते बहुधा लॅमिनेट असतं. वर लाकडाची छपाई, मध्ये लाकडी तंतू दाबून केलेला एचडीएफचा गाभा, जाडी ८ किंवा १२ मिमी. ओळखायचं कसं? एखादी ठळक गाठ हेरा आणि हुबेहूब तशीच खोलीत दुसरीकडे शोधा. चार-सहा फळ्या सोडून तीच गाठ, तीच रेषा सापडली, तर ती छपाई. इंजिनीअर्ड फळीत वर २ ते ४ मिमी खरं लाकूड आणि खाली प्लाय असतं. एसपीसी म्हणजे दगडाची भुकटी आणि प्लास्टिक. ते पाण्याला बरंच सोसतं.

हे माहीत असलं पाहिजे, कारण अस्सल सागवानी फळी घासून पुन्हा पॉलिश करता येते, लॅमिनेट नाही. त्यावर खोल ओरखडा गेला की फळी बदलणं हाच इलाज. "घासून घेऊ की" असं कुणी म्हणालं, तर त्याला फरशीतलं कळत नाही असं समजा.

वरवर बघून इसार देणं

मोबाइलचा टॉर्च जमिनीला जवळजवळ टेकवून आडवा धरा. फुगलेल्या सांध्यांची सावली लगेच दिसते. बाथरूमचा उंबरा, बाल्कनीचं दार, एसीखालची जागा आणि ओट्यासमोरचा पट्टा इथे सांध्यावरून नख आडवं फिरवा. नख अडखळलं तर तिथे पाणी मुरून गेलंय. लॅमिनेटमध्ये पाणी वरून नाही, सांध्यातून शिरतं; गाभा फुगतो आणि वाळल्यावरही पूर्ववत बसत नाही. गालिचा अंथरलेला असेल तर तो उचलायला लाजू नका. स्कर्टिंगवर, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीवर, मातीची बारीक नळी दिसली तर वाळवी, टाचणीएवढ्या भोकाखाली पिठासारखी भुकटी दिसली तर भुंगा.

खऱ्या लाकडाची फरशी मे महिन्यात बघत असाल, तर फळ्यांमधल्या बारीक फटींनी घाबरू नका. कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, पावसाळ्यात फटी मिटतात. त्या उन्हाळ्यात पुट्टीने बुजवल्या तर आषाढात फळ्यांना पसरायला जागा राहत नाही आणि कडा वर येतात.

अ‍ॅग्रीमेंटमध्ये फरशीचा उल्लेख नसणं

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. अकरा महिन्यांचा करारही याला अपवाद नाही. त्यात दोन ओळी घालून घ्या: नेहमीच्या वापराने होणारी झीज डिपॉझिटमधून कापायची नाही, आणि पाइप किंवा छताच्या गळतीने फरशी बिघडली तर खर्च मालकाचा. जुन्या डागांचे फोटो शेजारी रुपयाचं नाणं ठेवून काढा, म्हणजे आकार कळतो, आणि किल्ली मिळेल त्याच दिवशी मालकांना पाठवा.

ड्रम आणि कुलर

नळाला रोज पाणी येत नसेल तर साठवण चुकत नाही. पण २०० लिटरचा भरलेला ड्रम म्हणजे दोन क्विंटल वजन, आणि त्याच्या बुडाशी कायमची ओल. ड्रम बाथरूममध्ये किंवा टाइल्स असलेल्या बाल्कनीत ठेवा. पाणी सुटल्यावर पाइप खोलीतून ओढत नेऊ नका; जोडाशी गळणारं थेंब-थेंब पाणी सांध्यात जातं आणि फळ्यांखाली अंथरलेल्या फोमवर साचून महिनाभराने कुबट वास मारतं.

कुलर घरात ठेवायचाच असेल तर लोखंडी स्टँडच्या पायांना रबरी नव्हे, नमद्याच्या (फेल्टच्या) चकत्या लावा. रबराने काही फिनिशवर पिवळा डाग पडतो आणि तो निघत नाही. खाली काठ असलेला ट्रे ठेवा. बादलीने टाकी भरताना शेवटचे दोन मग सांडतातच. समोरची खिडकी थोडी उघडी राहू द्या, नाहीतर दमट हवा खोलीत कोंडून फरशी फुगवते.

पुसण्याची पद्धत

घरकामाच्या मावशींना पहिल्याच दिवशी समजावून सांगा, त्यांचा हात टाइल्सवर बसलेला असतो. आधी मऊ झाडू, कारण धूळ हाच सँडपेपर. मग मायक्रोफायबरचा कपडा इतका घट्ट पिळायचा की पुसल्यावर फरशी मिनिटभरात वाळली पाहिजे. फिनाइलने चिकट थर राहतो, अ‍ॅसिडने फिनिश जळतं. बोअरच्या जड पाण्याने लॅमिनेटवर पांढरट झाक आली, तर अर्ध्या मग पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घालून तेवढीच जागा पुसा आणि लगेच कोरडी करा. खऱ्या लाकडाच्या फळीवर काळा डाग असेल तर तो आत गेलाय. घासत बसू नका.

दिवाळीला पणत्या थेट फरशीवर नकोत. तेल सांध्यात उतरतं. ताटात ठेवा.

मुंग्यांसाठी भिंतीकडची फट बुजवणं

ही चूक करतात नीटनेटकी माणसं. लॅमिनेट तरंगतं बसवलेलं असतं, म्हणजे खाली चिकटवलेलं नसतं. भिंतीलगत ८ ते १० मिमी जागा मुद्दाम सोडून वर स्कर्टिंग लावतात. तिथे पांढरं सिमेंट किंवा सिलिकॉन भरलं की पावसाळ्यात पसरायला वाव उरत नाही आणि खोलीच्या मध्यावर फरशी उचलली जाते. पाय ठेवला की खाली-वर होते. दाराचा स्टॉपर फरशीत स्क्रूने आवळल्यानेही हेच होतं. सुताराकडून स्कर्टिंग काढून भरलेलं खरवडून घ्या, गरज पडली तर कड कापून घ्या. सांधे फुगलेले नसतील तर फरशी बहुधा काही दिवसांत बसते.

एखादी फळी खरंच गेली असेल, तर ती मधूनच उपटू नका. जवळच्या भिंतीपासून एकेक फळी क्लिकमधून (एकमेकांत अडकणाऱ्या खाचेतून) सोडवत तिथपर्यंत यायचं, नवी बसवायची आणि तशाच क्रमाने परत लावत जायचं. फळ्यांना नंबर टाका. तीच शेड दोन वर्षांनी दुकानात मिळेलच असं नाही, म्हणून फ्लॅट घेतानाच मालकांना विचारून ठेवा: उरलेल्या फळ्यांचा खोका माळ्यावर आहे का?