मनगट दुखतंय? माऊस आणि कीबोर्ड असा निवडा

दिवसाचे सात-आठ तास कीबोर्डवर काढणाऱ्या माणसाचं मनगट दुखायला लागलं की पहिला सल्ला येतो, ‘अर्गोनॉमिक माऊस घे.’ सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. अर्गोनॉमिक म्हणजे शरीरावर कमी ताण येईल अशा रचनेचा; पण खोक्यावर तो शब्द कोणीही छापू शकतं, आणि एकच उपकरण प्रत्येक दुखण्यावर चालत नाही. अंगठ्याच्या बुडाशी दुखत असताना अंगठ्याने फिरवायचा ट्रॅकबॉल, म्हणजे गोळा बसवलेला माऊस, घेतला तर दुखणं वाढेल. करंगळीला मुंग्या येत असतील तर त्रासाचं मूळ कदाचित कोपरात असेल, आणि मग माऊस कितीही महाग घेतला तरी फरक पडणार नाही. म्हणून पैसे खर्च करण्याआधी थोडा तपास हवा.

पायरी १: दुखणं नेमकं कुठे आहे ते ओळखा

मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला हाडं आणि एका जाड पट्ट्याच्या मधून एक अरुंद बोगदा जातो. त्याला कार्पल टनेल म्हणतात. बोटं मिटणारे ९ टेंडन, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, आणि एक महत्त्वाची नस, मीडियन नर्व्ह, एवढं सगळं त्यातून जातं. मनगट वर किंवा खाली वाकलं की आतला दाब वाढतो आणि नस दबते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, ती यामुळे.

करंगळी आणि तिच्या शेजारची बाजू बधिर होत असेल तर ती नस वेगळी. ती कोपराच्या आतल्या बाजूने येते. टेबलाच्या कडेवर कोपर टेकवून बसायची सवय आहे का, ते आधी पाहा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखत असेल तर अंगठा जास्त वापरला जातोय, आणि त्यात मोबाइलचाही वाटा असतो. कोपराच्या बाहेरच्या बाजूपासून हाताच्या पाठीवर ठणका येत असेल तर बहुधा माऊस घट्ट धरणं आणि क्लिकसाठी बोट सतत उचलून ठेवणं हे कारण असतं.

रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, हातातून कप निसटत असेल किंवा अंगठ्याखालचा मांसल भाग बसल्यासारखा दिसत असेल, तर आधी डॉक्टर, मग खरेदी. कार्पल टनेलचा त्रास मधुमेह, थायरॉइडची कमतरता आणि गरोदरपण यांतही होतो. माऊस बदलून तो बरा होईल असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. चांगलं उपकरण ताण कमी करतं, उपचाराची जागा घेत नाही.

पायरी २: टेबलाची उंची तपासा

आपल्याकडची बहुतेक टेबलं, जेवणाचं टेबलसुद्धा, साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतात. पाच फूट दोन-तीन इंच उंचीच्या माणसाला ही उंची जास्त होते. खांदे वर चढतात, मनगट टेबलाच्या कडेवर दाबलं जातं आणि हात मागे वाकतो. खुर्चीत बसून खांदे सैल सोडा, कोपर काटकोनात ठेवा. कीबोर्ड कोपराच्या पातळीवर किंवा किंचित खाली हवा. टेबल उंच असेल तर खुर्ची वर घ्या आणि पाय लोंबकळत असतील तर खाली लाकडी पाट ठेवा. फुटरेस्ट विकत घ्यायची गरज नाही.

लॅपटॉपवर रोज तासन्‌तास काम असेल तर स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असणं हीच अडचण आहे: स्क्रीन नीट ठेवली तर हात वर जातात, हात नीट ठेवले तर मान खाली. लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर ठेवा आणि वेगळा साधा कीबोर्ड-माऊस जोडा. माझ्या मते बहुतेकांसाठी सगळ्यात उपयोगी खर्च हाच आहे.

पायरी ३: कीबोर्ड

कीबोर्डच्या मागचे पाय दुमडून टाका. ते उघडले की मागची बाजू उंच होते आणि मनगट आणखी मागे वाकतं. फुकटात होणारी ही सुधारणा बहुतेक कचेऱ्यांत कोणीच केलेली नसते.

मग रुंदी पाहा. नंबरपॅड असलेला पूर्ण कीबोर्ड साधारण ४४ सेंटिमीटर रुंद असतो. त्यामुळे माऊस उजवीकडे लांब जातो आणि दिवसभर दंड बाहेर पसरलेला राहतो. नंबरपॅड नसलेला ८७ बटणांचा कीबोर्ड साधारण ३६ सेंटिमीटरचा असतो. तेवढ्या फरकाने माऊस खांद्याच्या रेषेत येतो. टॅलीत दिवसभर आकडे भरणाऱ्यांना नंबरपॅडशिवाय चालणार नाही, हे खरं. त्यांनी छोटा कीबोर्ड आणि वेगळा यूएसबी नंबरपॅड घ्यावा. तो डावीकडे ठेवून डाव्या हाताला सवय लावली तर उजव्या हाताचा भार कमी होतो.

बटणं दाबायला हलकी हवीत. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये, म्हणजे प्रत्येक बटणाखाली वेगळा स्प्रिंगचा स्विच असलेल्या कीबोर्डमध्ये, ‘रेड’ प्रकारच्या स्विचला साधारण ४५ ग्रॅम जोर लागतो आणि बटण अर्ध्यावर गेलं की अक्षर उमटतं, तळाला आपटावं लागत नाही. पण हे कीबोर्ड जाड असतात, म्हणून मनगट पुन्हा मागे वाकण्याचा धोका. घ्यायचाच तर लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचा घ्या. पुढे लावायचा मऊ रिस्ट-रेस्ट घेतला तर त्यावर तळव्याची गादी टेकवा, मनगट नाही, आणि तीही टाइप करत नसताना. टाइप करताना मनगट दाबून धरलं तर दाब नेमका त्या बोगद्यावर येतो.

दोन भागांत विभागलेला कीबोर्ड त्यांच्यासाठी, ज्यांचे पंजे टाइप करताना करंगळीच्या दिशेने तिरके होतात. खांदे रुंद असतील तर हे हमखास होतं. मायक्रोसॉफ्टने १९९४ मध्ये नॅचरल कीबोर्ड आणला तेव्हापासून ही रचना बाजारात आहे. आज लॉजिटेकचा अर्गो के८६० एकसंध पण मध्ये उंचावलेला मिळतो, तर किनेसिसचे पूर्ण सुटे दोन तुकड्यांचे असतात. सुटे जास्त चांगले, कारण अंतर आपल्या खांद्यांप्रमाणे ठेवता येतं. मात्र बोटं न बघता चालत नसतील तर यावर पैसे घालू नका.

मराठी टाइप करणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या कीबोर्ड-मांडणीत मात्रा डाव्या हाताला आणि व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला येतात, त्यामुळे काम दोन्ही हातांत छान विभागलं जातं. पण ख, घ, थ, ध, भ, ळ या सगळ्यांना शिफ्ट लागते आणि ती बहुतेक वेळा डाव्या करंगळीवर येते. करंगळी दुखत असेल तर विंडोजमध्ये स्टिकी कीज सुरू करा: शिफ्ट पाच वेळा दाबली की विचारणा येते. मग शिफ्ट दाबून सोडायची आणि नंतर अक्षर दाबायचं, धरून ठेवावी लागत नाही. लांब मजकुराचा पहिला खर्डा गुगल डॉक्समध्ये मराठीत बोलून उतरवला तर हातांना खरी सुटी मिळते.

पायरी ४: माऊस

आधी हात मोजा. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टी लावा. साधारण १७ सेंटिमीटरच्या आत असेल तर हात लहान, १९ च्या वर असेल तर मोठा. लहान माऊसवर मोठा हात चिमटीत आवळला जातो आणि मोठ्या माऊसवर लहान हाताची बोटं ताणली जातात. लॅपटॉपच्या पिशवीत मावणारे चपटे माऊस रोजच्या कामाला घेऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे.

साध्या माऊसवर हात पूर्ण पालथा असतो. उभ्या माऊसवर तो हस्तांदोलनाच्या स्थितीकडे वळतो, आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा पीळ सुटतो. लॉजिटेकच्या एमएक्स व्हर्टिकल आणि लिफ्टचा कोन ५७ अंश आहे. लिफ्ट लहान-मध्यम हातांसाठी आहे आणि डावखुऱ्यांसाठीही मिळतो. अनोळखी कंपन्यांचे उभे माऊस बरेच स्वस्त असतात आणि आपल्याला जमतंय का हे पाहायला पुरतात. घेताना खालच्या कडेला करंगळी टेकायला जागा आहे का पाहा, नाहीतर ती दिवसभर टेबलावर घासते. क्लिक करताना माऊस आडवा सरकत असेल तर तुम्ही तो आवळून धरणार, आणि फायदा तिथेच संपला. बारीक चित्रकामाला तो अवघड जातो. त्यासाठी पेन टॅबलेट बरा.

ट्रॅकबॉलमध्ये माऊस जागेवर राहतो, फिरतो तो फक्त गोळा. त्यामुळे मनगट आणि खांदा दोन्ही स्थिर राहतात, आणि टेबलावर जागा कमी असेल तर हा उत्तम. लॉजिटेकचा एम५७५ अंगठ्याने चालतो. अंगठा आधीच दुखत असेल तर केन्सिंग्टनच्या एक्स्पर्ट माऊससारखा बोटांनी फिरवायचा मोठ्या गोळ्याचा घ्या. तो दोन्ही हातांना चालतो. आपल्याकडच्या धुळीत गोळ्याखाली मळ साचतो आणि तो अडखळायला लागतो. आठवड्यातून एकदा गोळा काढून आतले टेकू पुसा.

पायरी ५: सेटिंग

विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधल्या ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’ खाली माऊस उघडा आणि पॉइंटरचा वेग वाढवा, म्हणजे स्क्रीन ओलांडायला माऊस पुन्हा पुन्हा उचलावा लागणार नाही. मुख्य बटण डावं की उजवं हेही तिथेच बदलता येतं. दोन्ही बाजूंनी सारखा असलेला साधा माऊस असेल तर दुपारनंतर तो डाव्या हाताला द्या.

पायरी ६: खरेदी आणि सवय

शक्य असेल तर हात लावून बघा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या गावातल्या दुकानात खोकं उघडून दाखवायला सांगा आणि उभ्याने नाही, स्टुलावर बसून धरा. ऑनलाइन घेत असाल तर परत पाठवायची मुदत आधी वाचा. एका वेळी एकच वस्तू बदला, नाहीतर आराम कशाने पडला ते कळणार नाही. पहिले काही दिवस हात अडखळेल, वेग कमी होईल. रोज तासभर नवीन माऊस आणि उरलेला वेळ जुना, असं करत वेळ वाढवा. महत्त्वाच्या कामाची अखेरची तारीख जवळ असताना बदल सुरू करू नका. दोन-तीन आठवड्यांनंतरही दुखणं तसंच असेल किंवा नव्या जागी सुरू झालं असेल, तर ते उपकरण तुमच्या हाताचं नाही. परत पायरी १ वर जा आणि फिजिओथेरपिस्टला प्रत्यक्ष हात दाखवा. जाताना कामाच्या जागेचा बाजूने काढलेला फोटो बरोबर न्या.