क्लायंटची कामं सांभाळून वर्डप्रेसला हातभार कसा लावाल

मी कोथरूडात घरूनच वेबसाइट्स करतो, बहुतेक वर्डप्रेसवर. 2003 पासून जगभरच्या लोकांनी मिळून वाढवलेलं सॉफ्टवेअर फुकट वापरून आपण बिलं लावतो, तेव्हा थोडं परत द्यायला हरकत नसावी. पुण्यात दुपारी 1 ते 4 क्लायंटचाही फोन येत नाही; मी तेव्हाच बसतो.

लगेच कोड लिहायला घेऊ नका. ट्रॅकवर, म्हणजे वर्डप्रेसमधले बग (चुका) नोंदवायच्या साइटवर, 'नीड्स-टेस्टिंग' (तपासून हवंय) असं लिहिलेलं तिकीट, म्हणजे एखाद्या बगची नोंद, उघडा. आधी पॅच (दुरुस्तीचा कोड) न लावता बग आपल्याकडे दिसतो का बघा, मग पॅच लावून नेमक्या त्याच पायऱ्या पुन्हा करा. रिपोर्टमध्ये वर्डप्रेस, पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) आणि ब्राउझरचं व्हर्जन, केलेल्या पायऱ्या, काय दिसायला हवं होतं नि काय दिसलं, सगळं लिहा. स्क्रीनशॉट जोडा. नुसतं "माझ्याकडे चालत नाही" लिहिणाऱ्याकडे कुणी बघत नाही, आणि बरोबरच आहे.

उत्तर उशिरा येतं. आठवण करून द्या, पण क्लायंटसारखा तगादा नको.

क्लायंटचा कोड तिकिटात चिकटवू नका. बग दिसेल एवढाच तुकडा नव्याने लिहा. आणि सुरक्षेतली फट सापडली तर तिकीट काढायचंच नाही, ती हॅकरवन या फटी कळवायच्या साइटवर खासगीत कळवायची.